डेकवरची उपासना

१७६४ साली जॉन न्यूटन नावाच्या एका माजी कप्तानाची आत्मकथा लंडनमध्ये छापून आली. चौदा पत्रांची ती हकीकत होती. त्याच वर्षी त्याला चर्च ऑफ इंग्लंडची दीक्षा मिळाली आणि लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब माणसांच्या ओल्नी या गावात तो पाळक म्हणून रुजू झाला. समुद्रावरच्या दिवसांबद्दल लिहिताना न्यूटनने एक गोष्ट अगदी मनापासून सांगितली आहे. देवाच्या सहवासातल्या सर्वांत गोड घटका त्याला गिनीच्या किनाऱ्याकडे केलेल्या शेवटच्या दोन सफरींत लाभल्या होत्या.

त्या दोन्ही सफरी गुलामांच्या होत्या. जहाजाचा कप्तान तो स्वतः होता.

हे विधान करताना तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसं खरोखर वाटलं होतं, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. ढोंगी माणूस म्हटला की मनात एक आणि जनात एक असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. न्यूटनच्या मनात आणि जनात एकच होतं. तो खरोखर प्रार्थना करत होता, खरोखर रडत होता, खरोखर कृतज्ञ होता. ख्रिस्ती जीवनातल्या दांभिकपणाचा सर्वांत अवघड प्रकार हाच आहे आणि त्याबद्दल मंडळीत सर्वांत कमी बोललं जातं.

त्याचं काम काय होतं ते नीट पाहायला हवं. १७५० ते १७५४ या काळात न्यूटनने कप्तान म्हणून तीन खेपा केल्या. पहिली ‘ड्यूक ऑफ अर्गाइल’ जहाजावर, पुढच्या दोन ‘आफ्रिकन’ जहाजावर. लिव्हरपूलहून माल भरून सिएरा लिओनच्या किनाऱ्याला जायचं. तिथे महिनोन्‌महिने होड्या पाठवून एकेक, दोनदोन माणसं विकत घ्यायची. जहाजाचा तळमजला भरला की अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर त्यांना विकायचं आणि साखर वगैरे घेऊन परतायचं. विकत घेतलेल्या पुरुषांना दोघादोघांच्या जोडीने बेड्या घालत. त्या माणसांना फळीवर पुस्तकं लावावीत तसं खेटून निजवत असत, हे वर्णन न्यूटननेच नंतर लिहून ठेवलं आहे.

वरच्या मजल्यावर कप्तानाचा दिनक्रम शिस्तीचा होता. रविवारी दोन वेळा खलाशांना जमवून तो प्रार्थनापुस्तकातून उपासना चालवत असे. एकांतात बायबल वाचत असे. लॅटिन स्वतःच शिकत असे. पत्नी मेरीला लांबलचक, हळुवार पत्रं लिहीत असे. आणि रोज जहाजाची नोंदवही भरत असे. डिसेंबर १७५२ मधली एक नोंद अशी आहे की, देवाच्या कृपेने गुलामांच्या बंडाचा कट वेळेत उघडकीला आला. त्यांच्या जागेत सुऱ्या, दगड, छिन्नी सापडली. ही हत्यारं पोचवण्यात चार मुलांचा हात होता. त्या मुलांना बेड्या ठोकल्या आणि सगळं कबूल करवून घेण्यासाठी त्यांचे अंगठे ‘थोडेसे’ चापात पिळले. देवाची कृपा आणि मुलांचे अंगठे एकाच नोंदीत आहेत. मध्ये परिच्छेदसुद्धा बदललेला नाही.

न्यूटनला या धंद्याची काहीच अडचण वाटत नव्हती असं नाही. साखळदंड, कड्या, बेड्या यांच्यात दिवस काढणं म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याची नोकरी झाली, असं त्याच्या मनात येई. आपल्याला एखादा अधिक माणुसकीचा व्यवसाय मिळावा, घरापासून इतकं लांब राहावं लागू नये, धर्मबांधवांची संगत लाभावी, अशी प्रार्थनाही तो करत असे. प्रार्थना खरी होती, पण तिच्यात मागितलेली सुटका फक्त कप्तानाची होती. तळमजल्यावरची माणसं तिच्यात नव्हती. आणि शेवटी त्याला समुद्र सोडावा लागला तोही सद्सद्विवेकामुळे नाही. नोव्हेंबर १७५४ मध्ये नव्या जहाजावर निघायच्या दोन दिवस आधी त्याला एक झटका आला आणि डॉक्टरांनी सफर नको म्हणून सांगितलं. पुढे काही वर्षं त्याने लिव्हरपूलच्या बंदरात जकात खात्यात नोकरी केली.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट त्याच्या तरुणपणातली आहे. १७४५च्या सुमारास न्यूटन सिएरा लिओनजवळच्या प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी होता. तिथे त्याचे हालहाल झाले. आजारी, उपाशी, अंगावर धड कपडा नाही. त्या दिवसांत साखळीत जखडलेले गुलाम आपल्या तुटपुंज्या शिध्यातला घास लपूनछपून त्याला आणून देत. त्याने स्वतःच हे लिहिलं आहे. म्हणजे उपाशी असताना त्या लोकांनी त्याला जेवू घातलं होतं. तीन वर्षांनी, मार्च १७४८ मध्ये, भयंकर वादळात जहाज बुडता बुडता वाचलं आणि तो देवाकडे वळला. त्या दिवसाची आठवण तो पुढे दरवर्षी उपवास-प्रार्थनेने पाळत राहिला. पण ज्यांनी घास दिला त्यांची आठवण त्याला ना वादळाने करून दिली, ना उपासनेने.

मग १ जानेवारी १७७३ला ओल्नीच्या मंडळीत त्याने नव्या वर्षाच्या उपदेशासोबत एक गीत आणलं. ‘अमेझिंग ग्रेस’ म्हणून ते आज जगभर गायलं जातं, मुंबई-पुण्याच्या चर्चमध्येही अनेकांना पाठ आहे. गुलामांचा व्यापारी पश्चात्ताप पावला आणि त्याने हे गीत लिहिलं, अशी कथा व्यासपीठावरून वारंवार सांगितली जाते. तारखा वेगळं सांगतात. गीत लिहिलं तेव्हा समुद्र सोडून अठरा वर्षं झाली होती, आणि गुलामगिरीविरुद्ध एक शब्दही त्याने अजून जाहीरपणे उच्चारला नव्हता. तो उच्चारायला आणखी पंधरा वर्षं जायची होती. स्वतःला महापापी म्हणणं त्याला कधीच जड गेलं नाही. पण त्या पापांच्या यादीत शिव्याशाप होते, नास्तिकपणा होता, तारुण्यातला स्वैराचार होता. धंदा नव्हता. आणि इथेच स्वतःला नीतिमान समजण्याची खरी मेख आहे. येशूच्या दाखल्यातला परुशी ताठ मानेने उभा राहून स्वतःचे गुण मोजतो, हे ओळखायला सोपं जातं. पण मान खाली घालून, छाती पिटत, चुकीचीच पापं कबूल करणारा माणूस कसा ओळखायचा? त्याचं त्यालासुद्धा कळत नाही, कारण नम्रता तर त्याच्यापाशी भरपूर असते.

१७८८ साली, वयाची बासष्टी ओलांडल्यावर, न्यूटनने आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आज ज्याच्या आठवणीने हृदय थरकापतं अशा धंद्यात आपण एके काळी हातभार लावला, याची लाज जन्मभर पुरणार आहे, असं त्याने उघड लिहिलं. प्रिव्ही काउन्सिलच्या समितीपुढे आणि नंतर पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. पुस्तिकेत भावनेचा पूर नाही, कामाची माहिती आहे. खरेदी कशी होते, दाटी किती असते, सकाळी जिवंत माणसाला मेलेल्याच्या बेडीतून कसं सोडवावं लागतं, खलाशी किती मरतात, बायकांचं काय होतं. एका जहाजाच्या मेटने (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने), रात्री झोपमोड होते म्हणून, विकत घेतलेल्या आईच्या हातातलं रडणारं तान्हं मूल हिसकावून समुद्रात फेकल्याची हकीकत आहे. ही माहिती त्याच्याकडे तीस-पस्तीस वर्षं पडून होती. नवं काही समजलं नव्हतं. नवीन एवढंच होतं की तिला पाप हे नाव मिळालं.

पण त्या पुस्तिकेतही एक जागा अशी आहे, जिथे वाचणाऱ्याने थांबावं. अंगठे पिळण्याच्या चापाबद्दल तो लिहितो तेव्हा ‘पाहिलं’ असं लिहितो. त्या यातनेत माणसांना तासन्‌तास तळमळताना पाहिलं. त्याच्या जहाजांची नोंदवही १९६२ साली पुस्तकरूपात छापली गेली. तिच्यात ‘केलं’ असं आहे. हा फरक दाखवून त्याला खोटा ठरवायचं कारण नाही. त्या पुस्तिकेने गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या चळवळीला मोठं बळ दिलं आणि त्यासाठी त्याला फार मोठं धैर्य लागलं असणार. तरीही कबुली देताना कर्त्याच्या जागी साक्षीदार येऊन बसतो, हे कबुली देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. मंडळीतल्या साक्षींमध्ये ‘आमच्याकडून झालं’, ‘तेव्हा तसं चालायचं’ ही वाक्यं किती सहज येतात!

न्यूटनला जाग कशाने आली? एकट्याने केलेल्या प्रार्थनेतून ती आली असं दिसत नाही. मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉन वेस्लीने १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध लिहिलं होतं. ओल्नीतला न्यूटनचा जिवलग मित्र, कवी विल्यम कूपर, याने १७८२ साली या व्यापाराचा धिक्कार केला होता. पार्लमेंटचा तरुण सभासद विल्बरफोर्स १७८५च्या डिसेंबरात सल्ला मागायला त्याच्याकडे आला होता. मे १७८७ मध्ये लंडनला व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन झाली आणि तिच्या बारा सभासदांपैकी नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. वेस्लीने जे लिहिलं ते फिलाडेल्फियाचा क्वेकर शिक्षक अँथनी बेनेझेट याच्या पुस्तकांच्या आधाराने. आणि बेनेझेटचा एक मित्र आणि सहकारी न्यू जर्सीतला शिंपी होता, जॉन वूलमन.

वूलमन न्यूटनहून पाच वर्षांनी मोठा. तरुणपणी तो माउंट हॉली या गावात एका दुकानात कारकुनी करत होता. एके दिवशी मालकाने त्याला सांगितलं, घरातली निग्रो बाई विकली आहे, विक्रीखत लिहून दे. घेणारा समोर उभा होता. वयस्कर गृहस्थ, त्यांच्याच क्वेकर पंथाचा. वूलमन गांगरला. आपण वर्षाच्या करारावर नोकर आहोत, सांगणारा मालक आहे, घेणारा सज्जन आहे, अशी समजूत घालून त्याने खत लिहिलं. पण त्या दोघांसमोरच बोलूनही दाखवलं की, गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मला वाटतं. नंतर तो लिहितो की, बोलल्याने मन थोडं हलकं झालं खरं, पण लिहायलाच नकार दिला असता तर अधिक बरं झालं असतं. पुढे दुसऱ्या एका तरुणाने असंच खत लिहायला सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला.

न्यूटनपाशी नसलेली गोष्ट वूलमनपाशी होती, ती ही. त्याचं धर्मजीवन आणि त्याच्या हातातला कागद एकाच टेबलावर होते. १७५६ साली दुखापत झालेल्या एका शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहायला सांगितलं. वूलमनने गुलाम बाईचा भाग वगळून बाकी सगळं लिहिलं, अंथरुणापाशी जाऊन वाचून दाखवलं आणि सांगितलं की, माणसाला गुलाम करणारा कागद माझ्याने लिहवत नाही, जेवढं लिहिलं त्याचे पैसेही नकोत. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी शेजाऱ्याने तिला मुक्त करायचं कबूल केलं आणि मग वूलमनने मृत्युपत्र पुरं केलं. दक्षिणेकडच्या प्रवासात गुलाम असलेल्या घरी मुक्काम करावा लागला की निघताना तो त्या गुलामांच्या हातात चांदीची नाणी ठेवत असे. फुकटात घेतलेली चाकरी पाहुणचार म्हणून अंगाला लावून घ्यायची नाही, असा त्याचा निश्चय होता.

सर्वांत बोलकी गोष्ट मात्र पैशांच्या हिशेबाची आहे. पूर्वी एका मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून त्याने, दुसऱ्या व्यवस्थापकाबरोबर, एका निग्रो मुलाला तीस वर्षांचा होईपर्यंत विकलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी ते त्याला सलू लागलं. त्याने हिशेब मांडला. गोऱ्या उमेदवाराला एकविसाव्या वर्षी मोकळं करतात, म्हणजे या मुलाची नऊ वर्षं जास्त घेतली. व्यवस्थापक दोघं होते, तेव्हा त्यातली साडेचार वर्षं आपल्या वाट्याची. त्या साडेचार वर्षांचा योग्य तो मोबदला विकत घेणाऱ्याला देण्याचं बंधपत्र त्याने स्वतःवर आणि आपल्या वारसांवर लिहून दिलं, म्हणजे तो तरुण तेवढा आधी सुटेल. इथे अश्रू नाहीत, गीत नाही. आकडा आहे आणि सही आहे.

अशा माणसाला स्वतःच्या चांगुलपणाचा गर्व चढणं सोपं असतं, आणि वूलमन त्या बाबतीतही सावध होता. कापड रंगवण्यामागचा वृथा डौल आणि त्यासाठीची मेहनत नको म्हणून त्याने न रंगवलेले कपडे घालायला सुरुवात केली, मग तसलीच टोपी. नेमकी तेव्हा तशी पांढरट टोपी फॅशनमध्ये आली होती. तो अस्वस्थ झाला. काही मित्रांना वाटलं, हा वेगळेपण मिरवतोय. ती टीका त्याने झटकून टाकली नाही, मनात वागवली, आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आणि तरी टोपी घालत राहिला. पुढे एका मोठ्या आजारपणात त्याला दृष्टान्त झाल्यासारखं झालं. भयंकर यातनेत असलेल्या माणसांचा एक काळपट ढीग त्याला दिसला, आणि तू यांच्यातच मिसळलेला आहेस, यापुढे स्वतःला वेगळं समजू नकोस, असं त्याला कळलं. खाणीत राबणारी माणसंही दिसली. ती ख्रिस्ताच्या नावाने शिव्या देत होती, कारण आपल्याला राबवणारे ख्रिस्ताच्या नावाने राबवतात असं त्यांना सांगण्यात आलं होतं. स्वतःला नीतिमान समजण्यावर याहून खोल काही क्वचितच लिहिलं गेलं असेल.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत वूलमन उभा राहून बोलला. सभेने एक समिती नेमली. तिने गुलाम बाळगणाऱ्या क्वेकर बांधवांच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि बोलायचं. वूलमन त्या समितीत होता. ही घरं अनोळखी माणसांची नव्हती. त्याच सभेत शेजारी बसणाऱ्यांची, लग्न-मयताला भेटणाऱ्यांची होती. १७७६ साली त्या सभेने ठरवलं की, जो गुलाम सोडणार नाही त्याला पंथात जागा नाही. वूलमन तेव्हा हयात नव्हता. १७७२ साली इंग्लंडमध्ये यॉर्क इथे देवीच्या रोगाने त्याचा मृत्यू झाला.

महाराष्ट्रात या दोघांच्या शेजारी ठेवावी अशी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, ते पुढे पुण्याला आणलं, विधवांना शिकवलं, सनातन्यांचे आणि सुधारकांचेही बोल सोसले. १९०७च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. हे लिहिणाऱ्या बाईने तोवर जेवढं काम केलं होतं तेवढं कुठल्या पाळकाने केलं असेल? आपलं चांगलं काम हाच आपला पडदा होऊ शकतो, हे त्यांनी पाहिलं आणि लपवलं नाही. या विषयावर मराठीत त्यांच्याइतकं अधिकाराने क्वचितच कुणी बोललं आहे.

आपल्याकडचा तळमजला म्हणजे जात. गोव्यातल्या चर्चमधल्या कॉन्फ्रारिया, म्हणजे धार्मिक बंधुमंडळं, दीर्घकाळ जातीनुसार वेगळ्या होत्या. कुठल्या सणाचा मान कुणाचा, मिरवणुकीत पुढे कोण, यावरून वाद झाले. ख्रिस्ती विवाहाच्या जाहिरातींत आजही पूर्वजांची जात सूचित केलेली असते, कधी उघड, कधी आडून. आणि हे करणारी घरं उपवासकाळ पाळतात, दशांश देतात, रोज संध्याकाळी गुडघे टेकतात. त्यांची प्रार्थना खोटी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. न्यूटनचीही खोटी नव्हती.

डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं. चर्चच्या आत दलितांबाबत भेदभाव आणि अस्पृश्यता आहे, हे त्यात स्वच्छ मान्य केलं. एवढ्या मोठ्या संस्थेने ‘पाहिलं’ न म्हणता ‘आमच्यात आहे’ म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. धोरण छापून झालं. आता धर्मग्रामाधर्मग्रामात, वूलमन आणि त्याचे सोबती गेले तशी, घरी जाऊन समोर बसणारी माणसं हवी आहेत. मुलीसाठी कुठलं स्थळ नाकारलं आणि खरं कारण काय होतं? चर्च झाडणाऱ्या बाईला महिन्याला किती देतो? दफनभूमीतली कुठली बाजू कुणाची, आणि ती कुणी ठरवली? मिशनच्या शाळेत कोणाच्या मुलांना आधी प्रवेश मिळतो? उत्तरं तोंडी न ठेवता लिहून घ्यावी लागतील, आणि पहिली भेट समितीतल्याच एखाद्या सभासदाच्या घरी ठरवावी लागेल.